वाचकांच्या शंका : सवागी, टाकणखार, टिंकल आणि त्यांचे भाऊबंद

या महिन्यात नाशिक परिसरातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं एकाच घराण्याभोवती फिरतात. ते घराणं म्हणजे बोरॉनची खनिजं. पत्र लिहिणारे सराफ आहेत, वाचनालयातले वाचक आहेत, दगड गोळा करणारे आहेत आणि द्राक्षबागायतदारही आहेत. अडचण मात्र सगळ्यांची एकच आहे: जुनं नाव हातात आहे, पण आज दुकानात नेमकं काय मागायचं आणि किती तोलायचं ते कळत नाही.

प्रश्न (सराफ बाजार) : पेढीच्या जुन्या वहीत डाखाच्या (वितळवून धातू जोडायच्या मिश्रधातूच्या) कृतीत कुठे ‘टाकणखार’ आहे, तर कुठे ‘सवागी’. माल आल्याच्या नोंदीत ‘सुहागा तेल्या’ आणि ‘सुहागा चौकी’ असं लिहिलंय. ही चार द्रव्यं आहेत की एक? शिवाय आजची बोरॅक्स पावडर लावली की ती फुगते आणि डाखाचा तुकडा जागेवरून सरकतो. असं का होतं?

द्रव्य एकच आहे, आणि आजचा बोरॅक्सही तोच. ‘टाकणखार’ आणि ‘सवागी’ ही त्याची दोन मराठी नावं, तर ‘तेल्या’ आणि ‘चौकी’ या त्याच्या दोन अवस्था.

‘टाकणखार’ हा संस्कृत ‘टंकणक्षार’चा मराठी अवतार. धातुपाठात ‘टकि’ हा धातू बांधणे या अर्थी दिला आहे. सोन्याला सोनं जोडायला मदत करणाऱ्या क्षाराला ते नाव शोभतं. नाण्याचा ‘टंक’ आणि ‘टांकसाळ’ हे शब्दही याच परिसरातले, म्हणजे चांदवडची जुनी टांकसाळ आणि तुमच्या सहाणेवरची सवागी यांचं शब्दांचं नातं आहे. ‘सवागी’ आणि हिंदीतलं ‘सुहागा’ ही दोन्ही ‘सौभाग्य’वरून आली. रसशास्त्राच्या ग्रंथांत ‘सौभाग्य’ हे टंकणाचंच एक नाव आहे. दक्षिणेत नाव उपयोगावरून न पडता रूपावरून पडलं: तमिळ ‘वेंकारम्’, तेलुगू ‘वेलिगारम्’, कन्नड ‘बिळिगार’. या तिन्हींत ‘पांढरा खार’ असाच भाव आहे. (‘टंकण’ हा शब्द संगणकावर शोधलात तर टायपिंगचे वर्ग समोर येतील, म्हणून ‘टंकणक्षार’ किंवा ‘टंकण भस्म’ असं पूर्ण लिहा.)

आता ‘तेल्या’. कच्चा माल तिबेट आणि लडाखच्या खारट सरोवरांच्या काठावरून, गरम झऱ्यांच्या परिसरातून यायचा. लडाखमधल्या पुगा खोऱ्यात आजही झऱ्यांभोवती त्याचा पांढरा थर दिसतो. मेंढ्यांच्या पाठीवरच्या छोट्या थैल्यांतून हा माल हिमालयाच्या खिंडी ओलांडायचा. या खड्यात निम्म्याच्या जवळपास वजन पाण्याचं असतं, म्हणजे 47 टक्के. कोरड्या हवेत ते पाणी उडायला लागलं की काचेसारखा खडा वरून खडूसारखा पांढरा पडतो आणि त्याचा भुगा होतो. तसं होऊ नये म्हणून खड्यांना चरबी किंवा तूप चोळत. त्यामुळे माल पिवळट, तेलकट आणि किंचित वास येणारा असे, आणि त्यालाच ‘तेल्या’ म्हणत. उत्तरेत जगाधरीसारख्या ठिकाणी तो शुद्ध करत. चुन्याच्या किंवा सोड्याच्या पाण्यात चरबीचा साबण करून ती काढायची, खार गरम पाण्यात विरघळवून गाळायचा आणि सावकाश थंड होऊ द्यायचा. त्यातून जे स्वच्छ, ठोकळेबाज खडे मिळत ती ‘चौकी’. वहीत डाखाच्या कृतीत नुसतं ‘सवागी’ असेल तर चौकीच धरा.

फुगण्याचं कारणही तेच 47 टक्के पाणी. आच लागली की ते वाफ होऊन बाहेर पडतं आणि खार लाहीसारखा फुलतो. आपल्याकडे ‘टाकणखाराची लाही’ म्हणतात ते अगदी नेमकं आहे. ज्योत एकदम जवळ आणली की ही लाही डाखाचा कण उचलून बाजूला टाकते. यावर तीन उपाय आहेत.

पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे खडा सहाणेवर पाण्याचे दोन-तीन थेंब घेऊन दुधासारखा उगाळा, सांध्यावर पातळ लेप द्या आणि ज्योत लांब धरून लेप आधी वाळू द्या. लाही फुलून बसली की मगच ज्योत जवळ आणा. कण सरकला असेल तर त्याच वेळी चिमट्याच्या टोकानं परत बसवता येतो. खार पारदर्शक काच होऊन पसरला, साधारण 740 अंश सेल्सियसला, की तुमचा सांधा डाख घ्यायला तयार झाला.

दुसरा उपाय म्हणजे आधीच लाही करून, कुटून, चाळून ठेवलेली भुकटी वापरणे. मात्र ती हवाबंद डबीत ठेवा, नाहीतर पावसाळ्यात ती पुन्हा पाणी ओढते. वजनातही इथेच चूक होते. 100 ग्रॅम खड्यांची पूर्ण लाही झाली की 53 ग्रॅमच उरते. वहीत एक तोळा सवागी लिहिली असेल आणि तुम्ही लाही तोलली तर अर्ध्या तोळ्याहून थोडीच जास्त घ्या.

तिसरा उपाय युरोपातल्या सोनारांचा. गरम द्रावण 60 अंशांच्या वर असतानाच खडे बसू दिले तर दहाऐवजी पाच भाग पाणी असलेले अष्टफलकी खडे मिळतात. जुन्या पुस्तकांत त्याला ‘अष्टफलकी बोरॅक्स’ किंवा ‘जवाहिऱ्यांचा बोरॅक्स’ म्हटलंय. तो कमी फुगतो. आज ‘पेंटाहायड्रेट’ म्हणून मागितलात तर हाच मिळेल, आणि 100 ग्रॅम जुन्या सवागीच्या जागी तो 76 ग्रॅम पुरतो.

सवागी करते काय, तर सोन्यातल्या तांब्यावर आच लागताच काळा थर चढतो आणि त्यावर डाख पसरत नाही. वितळलेली सवागी तो थर आपल्यात विरघळवून घेते. शुद्ध सोन्यावर असा थर येतच नाही, त्यामुळे जितकं तांबं जास्त तितकी सवागीची गरज जास्त. मात्र चांदीचा अगदी लवकर वितळणारा, 620-650 अंशांचा डाख असेल तर सवागी वितळायच्या आधीच डाख पळतो. तिथे नुसत्या सवागीवर अडून राहू नका, त्या डाखासाठीचं वेगळं फ्लक्स (सवागीचंच काम करणारं द्रव्य) घ्या. ते फ्लोराइडचं असतं, म्हणून खिडकी उघडी ठेवूनच काम करा. तांबट आळीत पितळी डाखानं तांबं जोडतात तिथे तापमान बरंच वर जातं आणि सवागी अजूनही उत्तम चालते. काम झाल्यावर राहिलेली काच खरवडू नका. गरम पाण्यात किंवा तुरटीच्या उकळत्या पाण्यात दागिना ठेवला की ती सुटते.

प्रश्न (वाचनालयातला वाचक) : सार्वजनिक वाचनालयात एका जुन्या इंग्रजी रसायनाच्या पुस्तकात टिंकल, क्रिसोकोला, सेडेटिव्ह सॉल्ट, तिझा, हेसीन, बोरोनाट्रोकॅल्साइट आणि पँडरमाइट ही नावं आली. आजच्या भाषेत ही काय?

क्रम थोडा बदलून सांगतो, म्हणजे गोंधळ कुठे होतो ते दिसेल.

टिंकल म्हणजे आपला टाकणखारच, नाव परदेश फिरून आलेलं. संस्कृत ‘टंकण’, फार्सी-अरबी ‘तिंकार’, मलय ‘तिंगकल’ आणि तिथून युरोपीय भाषा. पुस्तकात ‘टिंकल’ असेल तर तो तिबेटचा कच्चा, चरबीचा माल समजा, आणि ‘बोरॅक्स’ असेल तर शुद्ध केलेला. आधी व्हेनिस आणि पुढे नेदरलँड्समधले कारखाने हे शुद्धीकरण करत. आज मात्र ‘टिंकल’ हे खाणीतल्या शुद्ध बोरॅक्स खनिजालाही वापरतात. तुर्कस्तानातल्या किर्काच्या खाणीचा माल त्याच नावानं विकला जातो आणि त्यात चरबीचा प्रश्नच नाही. खड्याच्या पृष्ठावर पडणाऱ्या पांढऱ्या भुकटीला ‘टिंकलकोनाइट’ हे वेगळं खनिजनाव आहे.

‘बोरॅक्स’ हा शब्द अरबी ‘बौरक’ आणि फार्सी ‘बूरा’वरून आला. पण ‘बौरक’मध्ये कधी कधी सोड्याचा नैसर्गिक खारही मोडत असे. त्यामुळे मध्ययुगीन कृतीत ‘बौरक’ दिसलं की तो बोरॅक्सच असेल असं धरू नका. काच, धुणं किंवा भाकरीची लकाकी असा संदर्भ असेल तर सोडा असण्याची शक्यता जास्त, आणि सोनं जोडण्याचा असेल तर बोरॅक्स.

क्रिसोकोला सर्वांत फसवं नाव. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘सोन्याचा डिंक’. थिओफ्रास्टस आणि प्लिनी या प्राचीन लेखकांकडे ते हिरवं तांब्याचं खनिज आहे. ते कोळशाच्या संगतीत तापलं की तांबं मोकळं होतं, सोन्यात मिसळतं, आणि त्या जागी वितळण्याचं तापमान उतरतं, म्हणून सांधा बसतो. पुढे जर्मन खाणतज्ज्ञ अ‍ॅग्रिकोलानं (त्याचा मोठा ग्रंथ 1556चा) हाच शब्द बोरॅक्सलाही लावला, कारण कामगिरी तीच. आणि आजच्या खनिजशास्त्रात ‘क्रिसोकोला’ हे निळसर-हिरव्या तांब्याच्या सिलिकेटचं नाव आहे. म्हणजे तीन काळांत तीन अर्थ झाले. त्यामुळे पुस्तक कोणत्या काळातलं ते पाहिल्याशिवाय या शब्दाचं भाषांतर करू नका.

सेडेटिव्ह सॉल्ट म्हणजे बोरिक अ‍ॅसिड. होम्बर्गनं 1702 मध्ये बोरॅक्स आणि हिराकस यांच्यापासून ते मिळवलं आणि ते ‘शामक’ समजून औषधात द्यायला लागले. त्याचं खनिजरूप ‘सॅसोलाइट’, इटलीतल्या टस्कनीमधल्या सासो गावावरून. तिथल्या वाफाळत्या डबक्यांत होफरला 1777 मध्ये बोरिक अ‍ॅसिड सापडलं, 1818 पासून लार्देरेलनं ते बाहेर काढण्याचा उद्योग उभारला, आणि त्याच्या नावावरून तिथल्या गावाला लार्देरेल्लो म्हणतात. आज त्याच वाफेवर वीज होते.

तिझा, हेसीन आणि बोरोनाट्रोकॅल्साइट ही तिन्ही एकाच खनिजाची नावं. ते म्हणजे युलेक्साइट, सोडियम-कॅल्शियमचं बोरेट (बोरॉनचा क्षार). ‘तिझा’ हा स्पॅनिश शब्द, अर्थ खडू. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर इकीकेजवळ खारट पठारावर मिळणाऱ्या पांढऱ्या गोळ्यांना खाणकामगार असं म्हणायचे. अमेरिकन रसायनतज्ज्ञ हेसनं त्याचं विश्लेषण केलं, पण त्याला सोडियम दिसलं नाही, म्हणून त्याच्या नावावर कॅल्शियमचं बोरेट पडलं. 1849 मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ युलेक्सनं सोडियम धरून बरोबर विश्लेषण केलं आणि घटकांवरूनच ‘बोरोनाट्रोकॅल्साइट’ असं लांबलचक नाव दिलं. पुढच्याच वर्षी, 1850 मध्ये अमेरिकन खनिजतज्ज्ञ डेनानं ते बदलून युलेक्सचंच नाव खनिजाला दिलं. पुस्तकात ‘हेसीन’साठी सोडियमविरहित सूत्र छापलेलं दिसलं तर चूक छपाईची नाही, विश्लेषणाची आहे.

पँडरमाइट हे नाव बंदरावरून. मार्मरा समुद्रावरच्या पँडरमा, म्हणजे आजच्या बांदिर्मा, बंदरातून तो माल जहाजावर चढायचा. तो अमेरिकेत आधी वर्णन झालेल्या ‘प्राइसाइट’शी एकच निघाला, म्हणून आज खनिजनाव प्राइसाइट. असंच ‘रॅसोराइट’ दिसलं तर ते कर्नाइट समजा. कॅलिफोर्नियातल्या कर्न परगण्यात ते 1926 मध्ये सापडलं. त्यात पाणी कमी, म्हणून तितक्याच वजनात बोरॉन सवागीपेक्षा जास्त, जवळजवळ 16 टक्के. आणि ‘घनाकार क्वार्ट्झ’ असा उल्लेख जर्मन जिप्समच्या संदर्भात आला तर तो क्वार्ट्झ नव्हे, बोरासाइट. 18व्या शतकाच्या शेवटी त्यात बोरॉन आहे हे कळेपर्यंत त्याचे कडक चौकोनी खडे क्वार्ट्झच समजले जात.

प्रश्न (पांडवलेणी परिसर) : खडीच्या खाणीतल्या दगडाच्या पोकळीत कापसाच्या गोळ्यासारखं पांढरं मऊ खनिज मिळालं. ‘कॉटन बॉल’ नावाचं बोरेट असतं असं वाचलं. हे तेच का?

नाही. अमेरिकेतल्या नेवाडाच्या कोरड्या खारट तळ्यांत मिळणाऱ्या युलेक्साइटच्या गोळ्यांना ‘कॉटन बॉल’ म्हणायचे हे खरं. पण तुमच्याकडे आहे तो जवळजवळ नक्की ओकेनाइट, कॅल्शियमचं सिलिकेट. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांची ती खासियत आहे. दिसायला जुळी, पण जन्म वेगळा: बोरेटं कोरड्या, बंदिस्त तळ्यांत पाणी आटून बसतात, आणि नाशिकच्या पावसात उघड्यावर ती टिकणंच कठीण.

खात्री करायची तर आधी एक तंतू बाजूला काढा, गोळ्याला बोट लावू नका, कारण दाबलेले तंतू परत उभे राहत नाहीत. तंतू उकळत्या पाण्यात घाला. युलेक्साइट हळूहळू विरघळतं, ओकेनाइट जसंच्या तसं राहतं. मग हळदीची चाचणी. स्पिरिटमध्ये हळद भिजवून त्यात गाळणकागदाची पट्टी बुडवून वाळवा. नमुना सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये हलवून पट्टी त्यात बुडवा आणि मंद आचेवर लांबून सुकवा. बोरॉन असेल तर पट्टी तपकिरी-लाल होते आणि तिच्यावर धुण्याच्या सोड्याचा थेंब टाकला की निळसर-हिरवी किंवा काळपट होते. इथे एक सापळा आहे. अ‍ॅसिड न घालता नुसती सवागी लावली तरी हळद लाल होते, पण ती खाराच्या क्षारधर्मामुळे, अगदी कुंकवासारखी. तो रंग अ‍ॅसिडनं परत पिवळा होतो. बोरॉनमुळे आलेला लाल रंग तसा पिवळा होत नाही. हिरव्या ज्योतीची चाचणी तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिड मागते, ती घरी नको. शिवाय तांब्याचा अंश असला तरी ज्योत हिरवी होते.

डोळा तयार करायचा असेल तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात दख्खनची खनिजं पाहून या. तिथे दिसेल ते लक्षात राहतं.

प्रश्न (निफाड) : द्राक्षाला फुलोऱ्याआधी बोरॉन देतो. 20 टक्क्यांच्या पुडीऐवजी काष्ठौषधीच्या दुकानातली सवागी चालेल का?

बोरॉन त्यात आहे, पण हिशेब आणि स्वच्छता पाहा. शुद्ध सवागीत बोरॉन 11.3 टक्के, खत म्हणून विकल्या जाणाऱ्या बोरॅक्समध्ये साधारण 10.5 टक्के, बोरिक अ‍ॅसिडमध्ये 17.5 टक्के. तुमच्या 20 टक्क्यांच्या 100 ग्रॅम पुडीत 20 ग्रॅम बोरॉन, तेवढ्यासाठी खताचा बोरॅक्स 190 ग्रॅम लागेल. फवारणीचं प्रमाण पुडीच्या लेबलवरचं आणि पानदेठ परीक्षणावरचं घ्या. लेबल 20 टक्क्यांचं आणि हातात सवागी असं झालं तर अर्धाच डोस जाईल. उलट जुन्या बोरॅक्सच्या चिठ्ठीवरून 20 टक्क्यांची पुडी टाकलीत तर जवळजवळ दुप्पट, आणि बोरॉनचा पुरेसा व जास्त यांमधला पल्ला फार अरुंद असतो. पानांच्या कडा जळायला लागल्या की उशीर झालेला असतो.

विरघळण्याचीही अडचण आहे. 20 अंशांच्या पाण्यात 100 मिलीत पाच ग्रॅमच्या आसपासच सवागी मावते, 50 अंशांना वीस ग्रॅमच्या वर. म्हणून आधी बादलीत गरम पाण्यात विरघळवून मग टाकीत ओता, नाहीतर नोझलमध्ये खडे अडकतात. तिचं पाणी क्षारधर्मी असतं, सामू 9च्या वर, त्यामुळे कीटकनाशकात मिसळू नका. कॅल्शियमच्या फवारणीसोबतही नको. आणि दुकानातली सवागी औषधाच्या नावानं विकली जाते, खत म्हणून तपासलेली नसते. लहान-मोठे मणी दिसतात म्हणून बोरॉन ओतण्याआधी विहिरीचं पाणी तपासा, त्यात आधीच बोरॉन असू शकतं.

सवागीऐवजी तुरटी किंवा पापडखार आला नाही ना, हे पाहायला हळदीचं पाणी पुरतं. तुरटीनं ते पिवळंच राहतं. पापडखार आणि सवागी दोन्हींनी लाल होतं, पण व्हिनेगर टाकल्यावर फेस येतो तो पापडखार.

प्रश्न (पंचवटी) : ‘फिरोजा’ म्हणून घेतलेली माळ हॉवलाइटची आहे असं सांगतात. हॉवलाइट म्हणजे काय?

हेही बोरेटच, कॅल्शियमचं, सिलिकासह. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात हेन्री हाऊनं 1868 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि नाव ‘सिलिको-बोरो-कॅल्साइट’ ठेवलं. हॉवलाइट हे नाव नंतरचं. ते सच्छिद्र असल्यानं निळा रंग छान पितं. मणी पोखरलेल्या भोकाजवळ पाहा, आत पांढरं दिसलं तर रंगवलेला आहे. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाला निळं लागलं तरीही तेच. ते फिरोजापेक्षा मऊ असतं, चाकूच्या टोकानं ओरखडा पडतो, पण ही तपासणी विकत घेतलेल्या मण्यावरच करा.

प्रश्न (नाशिक रोड) : बाळाचं तोंड आलं की मधातून टाकणखाराची लाही लावतात. कॅरमची बोरिक पावडर आणि ही एकच का? लाही किती घालावी?

एक नाहीत. कॅरमची पावडर म्हणजे बोरिक अ‍ॅसिड, वर सांगितलेलं ‘सेडेटिव्ह सॉल्ट’. लाही म्हणजे पाणी गेलेली सवागी. पण बाळासाठी दोन्हींचं प्रमाण शून्य. चोखणीला मध-बोरॅक्स लावून दिल्यानं तान्ह्या बाळांना आकडी आल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. बाळ लहान असल्यानं थोडंसंही फार होतं आणि ते शरीरात साचत जातं. शिवाय एक वर्षाच्या आत मध देऊच नये, त्यात बोट्युलिझमचे जंतू असू शकतात. तोंड आलं आणि बाळ दूध ओढत नसेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या. पापडात किंवा कुठल्याही खाण्यात सवागी किंवा बोरिक घालायला परवानगी नाही. झुरळांसाठी बोरिक पावडर कोपऱ्यात टाकत असाल, तर ती बाळ रांगतं तिथे किंवा स्वयंपाकाच्या ओट्यावर नको, आणि डब्यावर ‘बोरिक’ असं मोठ्या अक्षरांत लिहा. पिठीसाखरेत आणि तिच्यात डोळ्यांना फरक कळत नाही.